सप्टेंबरच्या फोडणीतला कांदा एप्रिलचा असतो

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाशिकच्या कुठल्याही भाजीबाजारात हातगाडीवर जो फिकट विटकरी, जाड सालीचा कांदा दिसतो, तो बहुधा एप्रिलमध्ये जमिनीतून निघालेला असतो. मधल्या चार-पाच महिन्यांत त्याने मे महिन्याचं चाळीस अंशांचं ऊन काढलेलं असतं, आषाढ-श्रावणाची ओल काढलेली असते, आणि या सगळ्या काळात त्याला वीज नाही, यंत्र नाही, गारवा नाही. तरी मिसळीवर टाकायला चिरला की तो करकरीत निघतो. कांद्याचा भाव वाढला की बातमी होते, पडला तरी होते. तो टिकला याची दखल मात्र कोणी घेत नाही, आणि त्यामागे शेतापासून चाळीपर्यंत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडपर्यंत, किती जणांचे हात लागलेले असतात हे शहरात बहुतेकांना ठाऊकही नसतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. सगळाच कांदा साठवणीचा नसतो. नाशिक जिल्ह्यात कांद्याचे तीन हंगाम चालतात. खरिपाचा पोळ किंवा लाल कांदा दिवाळीच्या आसपास बाजारात यायला लागतो. त्याच्या मागून जानेवारी-फेब्रुवारीत रांगडा येतो. डिसेंबर-जानेवारीत ज्याची रोपं लावतात तो उन्हाळ कांदा मार्चअखेरपासून मेपर्यंत निघतो. लाल कांदा पावसात वाढतो, पात हिरवी असतानाच काढावा लागतो, त्याची साल पातळ असते आणि अंगात पाणी जास्त. महिना-दीड महिन्यात तो संपवायलाच हवा. उन्हाळ कांदा मात्र थंडीत लागतो आणि कोरड्या, वाढत्या उन्हात पोसतो. जमिनीतच त्याची साल पिकते. देशात पिकणाऱ्या कांद्यात निम्म्याहून बराच मोठा वाटा या रब्बीच्या कांद्याचा आहे आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सगळा देश त्याच साठ्यावर भागवतो. म्हणून या लेखात कांदा म्हणजे उन्हाळ कांदाच समजा.

वाणाचाही यात हात असतो. नाशिकपट्ट्यात जुना आणि भरवशाचा वाण म्हणजे एन-2-4-1. तो पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रातून आला. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा शक्ती, भीमा किरण हेही टिकाऊ म्हणून ओळखले जातात. बरेच शेतकरी घरचंच बी धरतात. त्यात मातृकांदा, म्हणजे बी धरण्यासाठी राखलेला कांदा, निवडताना नजर पारखी असेल तर घरचं बी विकतच्या बियाण्यापेक्षा सरस ठरतं, नाहीतर जोडकांदे आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) वर्षागणिक वाढत जातात.

कांदा जिवंत असतो, ही मुख्य अडचण

कांदा म्हणजे जाडसर झालेल्या पानांच्या बुडांचा गड्डा. मध्यभागी एक कोंब दडलेला असतो आणि पुढच्या हंगामात दांडा काढून फुलायचं, बी धरायचं, एवढंच त्या कोंबाला माहीत असतं. आपण जे खातो ते त्या कोंबासाठी साठवलेलं पाणी आणि साखर. पात वाळून मान पडली की कांदा सुप्तावस्थेत जातो. या काळात कोंब हालचाल करत नाही, पण श्वास चालूच असतो. कांदा हवेतला प्राणवायू घेतो, साखर जाळतो आणि कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि थोडी उष्णता बाहेर सोडतो.

एका कांद्याची ही वाफ आणि उष्णता नगण्य. पण पंचवीस टन कांदा एका जागी रचला की हिशोब बदलतो. ढिगाच्या पोटात हवा खेळली नाही तर आतलं तापमान वाढतं. तापमान वाढलं की श्वास जोरात चालतो आणि त्यातून आणखी उष्णता, आणखी वाफ तयार होते. ही वाफ वरच्या गार थराला लागून पाणी होते आणि ओल्या सालीवर बुरशी धरते. कांदा साठवण्याची सगळी विद्या हे चक्र सुरूच होऊ न देण्यात आहे.

तापमानाचं एक विचित्र गणित इथे लक्षात ठेवावं लागतं. शून्य ते दोन अंशांत कांदा झोपून राहतो आणि पंचवीस-तीस अंशांतही झोपून राहतो. मधल्या पट्ट्यात, साधारण दहा ते वीस अंशांत, त्याला कोंब फुटायची घाई होते. म्हणून मे महिन्यात नाशिकच्या उकाड्यात कांदा कोंब काढत नाही, ऑक्टोबरच्या गार रात्री सुरू झाल्या की काढतो. हवेतली आर्द्रता 65 ते 70 टक्के असावी. त्याच्या वर गेली तर बुरशी येते आणि बुडाला नव्या मुळ्या फुटतात. फार खाली गेली तर साल तडकून गळते आणि वजन झपाट्याने घटतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता नव्वदीच्या आसपास असते. म्हणजे कांद्याची खरी परीक्षा पावसात. कांदेनवमीला भजी, थालीपीठं करून कांद्याचा निरोप घ्यायचा आणि चातुर्मासात तो वर्ज्य करायचा अशी रीत अनेक घरांत आहे. चाळीतल्या कांद्याला जड जाणारे महिने नेमके तेच आहेत.

टिकाऊपणा शेतातच ठरतो

चाळ कितीही उत्तम बांधा, शेतात बिघडलेला कांदा ती वाचवू शकत नाही. इथे पहिली चूक होते ती युरियाची. लागवडीनंतर 45-50 दिवसांपर्यंत नत्र पूर्ण देऊन झालं पाहिजे. त्यानंतर टाकलेला युरिया कांदा फुगवतो, शेतात तो मोठा दिसतो, उताराही वाढतो, पण मान जाड राहते आणि ती काही केल्या नीट मिटत नाही. जाड मानेचा कांदा म्हणजे उघडं दार. उलट गंधकाचा फायदा होतो. हेक्टरी 40 किलोच्या आसपास गंधक दिल्यास तिखटपणाही चांगला येतो आणि टिकवणही. लागवडीचं अंतर 15 बाय 10 सेंटिमीटर ठेवलं की कांदे मध्यम आकाराचे होतात. पाच ते सात सेंटिमीटर जाडीचा कांदा साठवायला सर्वांत चांगला.

काढणीच्या किमान 10 ते 15 दिवस आधी पाणी तोडायचं. भाव चढा असला की शेवटचं एक पाणी देऊन वजन वाढवायचा मोह होतो. तो कांदा लगेच विकणार असाल तर विषय वेगळा, चाळीत भरणार असाल तर ते पाणी नंतर सडीच्या रूपाने वसूल होतं. निम्म्या झाडांच्या माना आपोआप पडल्या की काढणी सुरू करतात. याआधी काढला तर कांदा कोवळा निघतो. सगळ्या माना पडून पात पार वाळेपर्यंत थांबलं तर कांदा उपटताना पात तुटते, साल सुटते, आणि अवकाळीचा धोका डोक्यावर असतोच.

उपटलेला कांदा पातीसकट शेतात तीन ते पाच दिवस पडू द्यायचा. पण तो फेकून द्यायचा नाही. एका ओळीतल्या कांद्यांवर दुसऱ्या ओळीची पात येईल अशा बेताने तो ओळीत मांडतात. उन्हाने पात वाळली पाहिजे आणि कांदा मात्र सावलीत राहिला पाहिजे. थेट उन्हात तापलेल्या कांद्याची एक बाजू शिजल्यासारखी मऊ, पांढुरकी होते आणि पुढे तिथूनच सडते. पात लगेच न कापण्याचं कारण असं, की वाळता वाळता पातीतली द्रव्यं कांद्यात उतरतात, कोंब दाबून ठेवणारी द्रव्यंही त्यांत असतात, आणि मान हळूहळू आवळली जाते. घाईने हिरवी पात छाटली की दोन्ही गोष्टी हुकतात.

विळ्याचं काम

यानंतरचा टप्पा सर्वांत दुर्लक्षित: पात कापणं. नाशिक जिल्ह्यात हे काम मुख्यतः बाया करतात. गावातल्या असतात, नाहीतर सुरगाणा, पेठ या भागांतून टोळीने येतात. काम बहुधा उक्तं, एकराच्या हिशोबाने ठरतं. एप्रिल-मेच्या उन्हात, उघड्या वावरात बसून.

दिसायला सोपं काम आहे. डाव्या हाताने पातीसकट कांदा उचलायचा, मानेला हलका पीळ द्यायचा, उजव्या हातातल्या विळ्याने पात उडवायची, कांदा ढिगावर टाकायचा. पण विळा कुठे लावायचा यात पाच महिन्यांचं भवितव्य असतं. मान एक ते दीड इंच राहिली पाहिजे. त्याहून आखूड कापली तर आतले ओले पापुद्रे उघडे पडतात आणि बुरशीला सरळ वाट मिळते. चार बोटं ठेवली तर ती लांब मान पावसाळ्यात ओल धरते आणि ढिगातल्या फटी बुजवते. हे माप कोणी पट्टी लावून घेत नाही. बोटांना चिंधी बांधलेली, डोळ्यांतून पाणी वाहत असलेलं, आणि हात एका लयीत चालू. शंभरातल्या शंभर कांद्यांच्या माना जवळपास सारख्या निघतात.

कापता कापता निवडही तिथेच होते. जोडकांदा बाजूला. डेंगळा बाजूला, कारण त्याच्या मध्यातून टणक नळी गेलेली असते आणि ती वाळून पोकळ झाली की आत हवा-पाणी शिरतं. काढताना खुरप्याने चिरलेला, तडकलेला, जाड मानेचा, पाणी लागलेला, असा प्रत्येक कांदा वेगळ्या ढिगात जातो. ही पारख क्षणभरात करावी लागते. एखादा चिरलेला कांदा नजरेतून सुटून चाळीत गेला तर तो एकटा सडत नाही, त्याचा रस खाली झिरपतो आणि खालच्या आठ-दहा कांद्यांना घेऊन जातो. चांगली टोळी मिळावी म्हणून शेतकरी महिनाभर आधी बोलणी करून ठेवतात ते यासाठीच. दोन पैसे कमी घेणारी, पण हाताने रांगडी टोळी शेवटी महागात पडते.

लहान चिंगळी आणि गोल्टी वेगळी काढण्यामागे केवळ भावाचं कारण नसतं. मोठ्या कांद्यांच्या मधल्या फटींतून हवा फिरते. त्या फटींत बारीक कांदे, पाला आणि मातीची ढेकळं जाऊन बसली की हवेचे रस्ते बंद. म्हणजे प्रतवारी ही हवा खेळती ठेवण्याचीच एक तऱ्हा झाली.

पात कापल्यावर कांदा लगेच चाळीत भरत नाहीत. झाडाखाली किंवा छपराखाली, पातळ थरात, आणखी 10 ते 15 दिवस सुकवतात. मान चिमटीत धरून दाबली की कोरडी, कागदासारखी लागली पाहिजे. आत गुळगुळीत काही सरकत असेल तर अजून थांबायचं. नीट सुकलेला कांदा ओतताना सालींचा सळसळ आवाज येतो, अर्धवट सुकलेला नुसता धपधप पडतो.

चाळीची रचना आणि तिची कारणं

निफाड, चांदवड, देवळा, सटाण्याकडे जाताना रस्त्याकडेला बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या भिंतींची, जमिनीपासून उचललेली लांबट शेडं दिसतात. त्याच कांदाचाळी. बाहेरून ओबडधोबड वाटतात, पण प्रत्येक मापाला कारण आहे.

तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच. खालून गार हवा शिरते, ढिगातून तापून वर जाते आणि छपराजवळून निघून जाते. त्यामुळे ही खालची मोकळी जागा चाळीचा जीव आहे. तिथे सरपण, ठिबकच्या नळ्या किंवा रिकामी पोती भरून ठेवणं म्हणजे स्वतःच्या हाताने कांदा सडवणं, आणि हे सर्रास होतं. खालच्या जमिनीवर मुरूम किंवा वाळू टाकतात, म्हणजे ओल वर येत नाही.

ढिगाची रुंदी चार फूट. दोन्ही बाजूंनी हवा आत येते, म्हणजे मधल्या कांद्यालाही हवा दोन फुटांच्या अंतरावर मिळते. पाच-सहा फूट रुंदी केली की मधला पट्टा कोंदटतो आणि चाळ उघडली की नेमका तोच काळा निघतो. उंची पाच फुटांच्या वर नको, नाहीतर तळाचे कांदे वजनाने दबतात. लांबी चाळीस-पन्नास फुटांपर्यंत ठीक. आता हिशोब करून पाहा: 12 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद आणि 1.5 मीटर उंच असा एक कप्पा म्हणजे साडेएकवीस घनमीटरच्या आसपास. एका घनमीटरात साधारण साडेपाच ते सहा क्विंटल कांदा बसतो. म्हणजे एका कप्प्यात बारा-तेरा टन, आणि मध्ये वाट सोडून समोरासमोर दोन कप्पे केले की पंचवीस टनांची चाळ.

एका कप्प्याची, म्हणजे एक पाखी चाळ दक्षिणोत्तर बांधतात. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा तिच्या लांब बाजूवर थेट येतो आणि आरपार जातो. दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम ठेवतात, कारण ती वाऱ्याला आडवी ठेवली तर पुढचा कप्पा मागच्याचा वारा अडवतो, आणि दुपारनंतरचं तिरपं ऊनही लांब भिंतीवर पडत राहतं. जागा मात्र नियमांपेक्षा मोठी. आजूबाजूला घर, गोठा किंवा उसाचं उंच पीक असेल तर दिशा बरोबर असूनही वारा लागत नाही. शेताच्या सखल कोपऱ्यात, जिथे पावसाचं पाणी साचतं, तिथे चाळ बांधण्यापेक्षा न बांधलेली बरी.

छप्पर मंगलोरी कौलांचं किंवा सिमेंटच्या पत्र्यांचं. लोखंडी पत्रा स्वस्त पडतो, पण मे महिन्यात तो तापून वरच्या थराला भाजून काढतो. असलाच तर त्यावर उसाचं पाचट टाकतात. छपराचा पाखा भिंतीपासून तीन फूट पुढे हवा, म्हणजे वाऱ्याबरोबर येणारी झड आत जात नाही. झडीच्या दिवसांत बाजूंना ताडपत्री सोडतात, ते योग्यच. चूक होते ती पाऊस थांबल्यावर ताडपत्री वर न करण्याची. एक-दोन दिवस चाळ बंद राहिली की आत वाफ कोंडते आणि वरचा थर घामेजतो.

भरण्याआधी आठवडाभर चाळ झाडून, गेल्या वर्षीचा पाला-साली जाळून, बांबूंवर बुरशीनाशक फवारून घेतात. भरताना पाटी उंचावरून ओतायची नाही. तीन-चार फुटांवरून आदळलेल्या कांद्याला वरून काही दिसत नाही, पण आतला पापुद्रा मुकामार खातो आणि महिन्याभरात तिथे तपकिरी मऊ डाग येतो.

काय बिघडतं, कसं ओळखायचं

घट तीन वाटांनी होते. पहिली वजनाची: पाणी आणि साखर उडून जाते, कांदा चांगला राहतो पण हलका होतो. ही घट सर्वांत मोठी असते आणि ती पूर्ण थांबवता येत नाही. दुसरी सड. तिसरी कोंब. नीट सुकवून चांगल्या चाळीत ठेवलेल्या मालातही चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के घट धरून चालावं लागतं. अवकाळीने भिजलेल्या वर्षी निम्मा माल गेला तरी नवल नाही. काढणीच्या वेळी पावसात सापडलेला कांदा वाळवून वरून कितीही छान दिसला तरी मानेतून आत पाणी गेलेलं असतं. तो चाळीत भरू नये, मिळेल त्या भावाने काढून टाकावा.

सडीचेही प्रकार आहेत. वरच्या सालीखाली काजळीसारखी काळी पूड दिसते ती काळी बुरशी. उष्ण, दमट हवेत येते. सुरुवातीला ती वरच्या एक-दोन पापुद्र्यांपुरतीच असते. बुडाकडून सुरू होणारी, मुळांच्या चकतीजवळ पांढरट बुरशी दिसणारी सड शेतातून आलेली असते. आणि बाहेरून धड दिसणारा, पण दाबल्यावर मधला एखादा पापुद्राच निसरडा, पाणीदार, घाण वासाचा लागणारा कांदा जिवाणूंनी सडलेला असतो. जाणत्या शेतकऱ्याला चाळीजवळून जाताना वासानेच कळतं, मग तळाच्या पट्ट्यांखाली ओले डाग कुठे पडलेत ते पाहून तेवढाच भाग उपसतो. सगळी चाळ दर पंधरवड्याला उलथीपालथी करून निवडावी की नाही, यावर मतं वेगळी आहेत. आमच्या मते हात लावाल तितक्या साली गळतात, म्हणून सडका पट्टा नसेल तर विकायला काढेपर्यंत ढीग हलवू नये.

भावाबद्दल बोलताना ही घट लोक विसरतात. समजा मे महिन्यात 15 रुपये किलोचा 100 किलो कांदा चाळीत ठेवला, म्हणजे 1,500 रुपये अडकले. सप्टेंबरमध्ये त्यातला 65 किलो विकण्याजोगा उरला. नुसते अडकलेले पैसे परत यायचे तरी 23 रुपयांच्या वर भाव लागतो, आणि त्यात चाळीचा खर्च, भरणी, निवडणी, गाडीभाडं काहीच धरलेलं नाही. लासलगाव-पिंपळगावच्या लिलावात ट्रॉलीसमोर उभा राहिलेला व्यापारी वरचा थर बाजूला सारून कोपरापर्यंत हात आत घालतो तो हेच पाहायला: खालून कांदा कोरडा लागतो की दमट.

मग शीतगृह का नको? शून्य-दोन अंशांत कांदा महिनोन्‌महिने राहतो, पण बाहेर काढला की त्यावर पाणी सुटतं आणि थोड्याच दिवसांत कोंब येतात. यावर उपाय म्हणून विकिरण वापरतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला 2002 मध्ये त्यासाठी प्रकल्प सुरू केला. कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांचा 60 ते 90 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) इतका अल्प मारा दिला की मधल्या कोंबाची वाढ कायमची थांबते. कांदा किरणोत्सारी होत नाही, चवही बदलत नाही. फार तर मधला कोंब तपकिरी दिसतो. पण हे काढणीनंतर लवकर, कोंब जागा होण्याआधी करावं लागतं, आणि सड यामुळे थांबत नाही. म्हणजे सुकवणी आणि निवडणी चुकली असेल तर त्यावर विकिरणाचा इलाज नाही.

घरच्या साठवणीसाठी

नाशिकमध्ये अजूनही बरीच घरं मे महिन्यात गोणीभर उन्हाळ कांदा भरतात. घेताना वरचा कांदा पाहून भुलू नका, गोणी अर्धी ओतायला लावा. मान चिमटीत दाबून पाहा, बुडाला अंगठा लावा. दोन्ही ठिकाणी टणक हवा. मध्यम आकार, दोन-तीन घट्ट साली, अंगावर काळे डाग नाहीत, एवढं पाहिलं तरी पुरे. साठवणीला फार मोठा कांदा घेऊ नका.

घरी आणल्यावर गोणी रिकामी करा. पलंगाखाली, माळ्यावर किंवा सावलीतल्या गॅलरीत एकावर एक दोन थरांपेक्षा जास्त नको. खाली गोणपाट किंवा बांबूची चटई. जागा नसेल तर जाळीच्या पिशव्यांत पाच-पाच किलो भरून खुंटीला टांगा, भिंतीला चिकटून नाही. प्लास्टिकच्या पिशवीत कांदा आठवडाभरात घामेजतो. ओट्याखालचा कप्पा बहुतेकांना सोयीचा वाटतो, पण तिथे सिंकचा पाइप असतो आणि ओलही. बटाट्यांच्या टोपलीतही कांदा नको. बटाटा ओल सोडतो आणि त्याला अंधार हवा असतो, कांद्याला वारा.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सगळे कांदे नजरेखालून घाला. मऊ लागणारा कांदा लगेच काढा, त्याच्या शेजारचे पुसून कोरडे करा. काळी पूड वरच्या सालीवरच असेल तर ती साल आणि खालचा एक पापुद्रा काढून, धुऊन कांदा वापरता येतो. आतपर्यंत गेली असेल किंवा वास येत असेल तर टाकून द्या. कोंब आलेला कांदा खायला हरकत नाही, फक्त तो हलका आणि थोडा पोचट झालेला असतो. कोंबाची पातही चिरून पिठल्यात घालता येते. अख्खा कांदा फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथली ओल आणि तापमान दोन्ही त्याला सोसत नाहीत. चिरलेला उरला तर झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा.

दसऱ्यानंतर रात्री गार व्हायला लागल्या की घरातला उरलेला साठा भराभर वापरात घ्या, कारण आता कोंब रोखून धरणारा उकाडा राहिलेला नसतो. तोवर नवा लाल कांदा बाजारात दिसायला लागतो. तो ताजा, चमकदार आणि जास्त पाणीदार असतो, कोशिंबिरीला छान लागतो, पण आठवड्याला लागेल तेवढाच घ्यावा.